गाडीला घातलेलं गाऱ्हाणं

जगन धुरीला एखादी गोष्ट समजली नाही की तो जोरजोरात मान हलवायचा. लोअर परळच्या ऑफिसात ॲडमिन सुपरवायझर झाल्यापासून ही सवय त्याच्या अंगात चांगलीच मुरली होती. साहेब इंग्रजीतून काही बोलला की जगनची मान आधी हलायची, आणि साहेब काय म्हणाला ते त्याला नंतर शिपायाकडून कळायचं. तेव्हा पाडव्याला नवी गाडी घ्यायला तो शोरूममध्ये गेला आणि तिथली मुलगी एकेक बटण दाखवायला लागली, तेव्हा काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. ती म्हणाली, सर, यात ऑटो स्टार्ट-स्टॉप आहे. जगन म्हणाला, येस येस, आय नो. तिने विचारलं, एकदा चालवून दाखवू का? जगन म्हणाला, मॅडम, लायसन काय काल काढलंय? बिचारीने किल्ली पुढे केली. त्याची बायको मालन काहीतरी विचारणार होती, तर तिला त्याने डोळ्यानेच दाबली. बायकोने चारचौघांत प्रश्न विचारला की नवरा अडाणी दिसतो, असं त्याचं मत होतं.

हे शोरूम ज्या मिलच्या जागेवर उभं होतं, त्याच मिलमध्ये जगनचा बाप धोंडू लूम चालवायचा. पण धोंडूची खरी ओळख लूमवर नव्हती, ती गाऱ्हाण्यावर होती. चिंचपोकळीच्या त्यांच्या चाळीत निम्मी बिऱ्हाडं मालवणाकडची, आणि मालवणी माणसाचं कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एक जाणता माणूस नारळ घेऊन देवापुढे उभा राहतो, सगळ्यांच्या वतीने अडचणी सांगतो, प्रसंगी देवाला दमही देतो, आणि प्रत्येक मागणीला बाकीचे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. चाळीत हा मान धोंडूचा होता. त्याचा आवाज असा, की खाली गल्लीतला भाजीवालासुद्धा तराजू ठेवून व्हय म्हणायचा.

मग संप आला. धोंडूने मिलच्या गेटवर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, की आमच्या मागण्या पुऱ्या होऊ दे आणि पुन्हा भोंगा वाजू दे. अख्ख्या पाळीने व्हय म्हटलं. भोंगा वाजला नाही तो नाहीच. चाळीतल्या दौलत परबाने तेव्हा जाहीर केलं, की देवाने धोंड्याचं ऐकलं, पण मालकाने देवाचं ऐकलं नाही. लोक उपाशीपोटीसुद्धा हसले. त्या हसण्यात चाळीच्या गणपतीपुढचा नारळ धोंडूच्या हातातून निघून दौलतच्या हातात गेला आणि तिथेच राहिला. दौलतला आवाज नव्हता, पाठांतर नव्हतं, पण टोमणे होते. धोंडू त्यानंतर आरतीला मागे भिंतीला टेकून उभा राहायचा. इतकी वर्षं झाली, पण तो सल काही त्याच्या मनातून गेला नव्हता.

तर पाडव्याला गाडी चाळीच्या दारात आली. हार झाला, हळदकुंकू झालं, चारी टायरांखाली लिंबं चिरडली गेली. मग जगन, मालन आणि मागच्या सीटवर मांडीत नारळ घेऊन धोंडू, अशी वरात देवदर्शनाला प्रभादेवीकडे निघाली. लालबागच्या पुढच्या सिग्नलला जगनने ब्रेक दाबला आणि इंजिनाने मान टाकली. आवाज नाही, थरथर नाही, काही नाही. जगनच्या तोंडचं पाणी पळालं. सिग्नल सुटला, पुढच्या गाड्या निघून गेल्या, मागून बसवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचलेना. जगनने घाबरून ब्रेक आणखी दाबला. घाबरलेला माणूस ब्रेकच दाबतो, आणि ब्रेक दाबलेला असेपर्यंत ही गाडी काही सुरू होत नाही. पण हे सांगणाऱ्या मुलीला तर हा आय नो म्हणून आला होता.

मालन म्हणाली, अहो, त्या मुलीला फोन लावा. जगन म्हणाला, तू गप्प बस. तेवढ्यात मागच्या सीटवर धोंडूने नारळ दोन्ही हातांत उचलला.

"जगन, पायातलं काढ. देवाशी बोलायचं आहे."

मालवणी माणूस गाऱ्हाण्याला चप्पल घालून उभा राहत नाही, मग तो भर रस्त्यात गाडीत बसलेला का असेना. जगन बुटाची लेस सोडायला लागला, डाव्या पायाचा बूट काढला. मागून धोंडूचा आवाज सुरू झाला. बा देवा म्हाराजा, लेकराची नवी गाडी वाटेत आडून बसली आसा. व्हय म्हाराजा, मालन म्हणाली. जो कोण तिच्या आड इलो आसा तेका बाजूक कर आणि गाडीक वाट दी. व्हय म्हाराजा म्हणत जगनने उजव्या पायाचा बूट काढण्यासाठी पाय उचलला, आणि इंजिन सुरू झालं. गाडी आपली आपण पुढे सरकली. जगनच्या अंगावर काटा आला. मागचा बसवाला खिडकीतून डोकं काढून हे सगळं बघत होता, त्याने हॉर्न थांबवून नमस्कार केला.

पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. बंद, बूट, गाऱ्हाणं, सुरू. प्रभादेवीला पोहोचेपर्यंत जगनने बूट घालायचेच सोडून दिले आणि गाऱ्हाणं अर्ध्यावर आलं की श्रद्धेने पाय वर घ्यायला लागला. ऑफिसात कॉम्प्युटर बंद पडला की आयटीवाल्यांवर इंग्रजीत खेकसणारा हा सुपरवायझर, पण बाप सांगेल तसे पाय उचलत होता. देवळात धोंडूने दोन नारळ फोडले, एक रिवाजाचा आणि एक गाडीचा.

संध्याकाळपर्यंत चाळीत बातमी पसरली. दुसऱ्या दिवसापासून लोक खात्री करायला गाडीत बसायला लागले. सिग्नल आला की गाडीत बसलेले तिघे हात जोडून तयार. धोंडू हाक मारायचा, तिघे व्हय म्हणायचे, जगन अनवाणी पाय वर घ्यायचा आणि गाडी निघायची. हवा पालटली ती अशी. तळमजल्यावरच्या जाईबाईने नातवाच्या ॲडमिशनसाठी धोंडूला नारळ दिला. कोणाची लग्नाची बोलणी अडली होती, कोणाची बढती. चाळीच्या पुनर्विकासाची फाइल कुठल्याशा टेबलावर अडकली होती, तिलाही गाऱ्हाणं घालून झालं. ती काही हलली नाही, पण लोक म्हणाले, फाइल जड असते, वेळ लागेल.

आणि मग मंडळाच्या पोरांनीच विषय काढला, की यंदा गणपतीचं गाऱ्हाणं धोंडूकाकांनी घालावं. दौलत सोडून सगळे हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतून धोंडूचा आवाज ऐकू आला. अंघोळ करता करता म्हातारा गाऱ्हाणं घोकत होता, आणि स्वतःच स्वतःला व्हय म्हाराजा म्हणत होता. मालनने चहाचा गॅस बारीक करून ते ऐकलं आणि तिचे डोळे भरून आले.

पावसाळ्यात गाडीची पहिली सर्व्हिसिंग आली. जगनने काउंटरवर छाती काढून तक्रार केली, की इंजिन इज स्टॉपिंग ऑन इट्स ओन. तिथला सुपरवायझर साधा माणूस होता. तो शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, ब्रेक दाबा. बंद झालं? आता पाय उचला. सुरू झालं? पेट्रोल वाचवायला आहे हे, सर. नको असेल तर हे बटण दाबा, मग सिग्नलला बंद होणारच नाही. डिलिव्हरीला सांगितलं नव्हतं का कोणी? जगनने जोरात मान हलवली. म्हणाला, आय नो, आय नो, मी फक्त चेक करत होतो.

घरी येऊन त्याने मालनला सांगितलं, आणि सांगताना लाजेने त्याचे कान गरम झाले होते. मालन आधी पोट धरून हसली. मग एकदम गंभीर झाली आणि दार लोटून घेतलं.

"बाबांना कळता कामा नये. गणपती होईपर्यंत तरी तोंड शिवून ठेवा. तुम्हाला पाय उचलायला काय कष्ट पडतात?"

जगनने कबूल केलं. आणि श्रावण सरेपर्यंत पाळलंही, त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. धोंडू मागून हाक मारायचा, जगन पाय उचलायचा, गाडी निघायची. बापाचा चेहरा आरशात दिसायचा तेव्हा जगनला बरंही वाटायचं.

पण दौलत काही झोपला नव्हता. मंडळाच्या शेवटच्या मीटिंगला त्याने धोंडूला हातसुद्धा लावला नाही, जगनला धरलं. अगदी मायेने जवळ बसवून घेतलं. म्हणाला, जगन, बाळा, तुला फसवलं रे त्यांनी. ठोकलेली गाडी रंगवून गळ्यात मारली. नवी गाडी कधी देवाचं नाव घेतल्यावर चालते का? आमच्या भाच्याची जुनी आहे, एका दमात रत्नागिरी गाठते. इंग्रजी बोलतोस, ऑफिसात मोठा साहेब, आणि डबा घेऊन आलास. बसलेली पोरं फिसकन हसली.

बापाला हसले असते तर जगनने सहन केलं असतं. बापाला हसलेलं त्याने लहानपणापासून ऐकलं होतं. पण गाडीला डबा म्हटल्यावर त्याचं टाळकं सटकलं. मालन गॅलरीतून हाताने खुणा करत होती, तिकडे त्याने पाहिलंच नाही. तडक सगळ्यांना खाली गाडीपाशी नेलं, काचा खाली केल्या आणि शोरूमच्या मुलीला लाजवील असं लेक्चर सुरू केलं. बघा, हे सेन्सर, हा ब्रेक. दाबला, बंद. उचलला, चालू. याला टेक्नॉलॉजी म्हणतात. परदेशात सगळ्या गाड्यांना असते. आणि हे बटण. दाबलं की विषय संपला. त्याने दहा वेळा गाडी बंद करून सुरू करून दाखवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जगनची मान ताठ झाली.

दौलतने फक्त एकच विचारलं, आणि तेही अगदी हळू आवाजात.

"म्हणजे गाऱ्हाण्याचा काही संबंध नाही?"

"छे हो, काहीच नाही," जगन म्हणाला, आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते.

धोंडू जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा होता. किती वेळ उभा होता कोणास ठाऊक. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसायला लागले. एक पोरगा बूट काढून हात जोडून गाडीपुढे उभा राहिला, तेव्हा तर जाईबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. ॲडमिशनच्या नारळाचं तेव्हा तिला काही आठवलं नाही. धोंडू वळला आणि कठड्याला धरून वर गेला. त्या रात्री मालनने जगनला ताट वाढलं आणि त्याच्यासमोर बसली नाही. जगन बापाशी बोलायला दोनदा उठला आणि दोनदा पाणी पिऊन परत आला. एरवी कळलं नाही तरी बोलणारा माणूस, आता कळलं होतं तर शब्द सापडेना.

चतुर्थीला मंडपात आरती झाली. नारळ अर्थातच दौलतच्या हातात होता. जगन पुढे होऊन म्हणाला, की ठरल्याप्रमाणे बाबांना घालू द्या. दौलत म्हणाला, बाळा, हे देवाचं काम आहे, बटणाचं नाही. पुन्हा हशा झाला. धोंडू मंडपात आला होता, धुतलेला सदरा घालून. तो मागे भिंतीपाशी जात होता, पण पोरांनी गंमत म्हणून त्याला धरून पुढे आणून उभा केला. जगन गर्दीत मागे राहिला. सगळ्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले. दौलतने घसा खाकरला.

बा गणपती म्हाराजा, चाळीतली समस्त लेकरा तुझ्या पायाकडे उभी आसत. व्हय म्हाराजा. वेडीवाकडी सेवा केली ती गोड मानून घे. व्हय म्हाराजा. पोराबाळांका नोकऱ्या दी, म्हाताऱ्यांका हातपाय दी. व्हय म्हाराजा. दर मागणीला आवाज चढत होता, मंडपाचं कापड हलत होतं, आणि मधे विचार करायला कोणाला उसंत नव्हती. जगन लहानपणापासून हे करत आला होता. हाक आली की व्हय म्हणायचं, त्यात डोकं चालवावं लागत नाही.

"आणि आमच्या ह्या धोंड्याक," दौलत त्याच सुरात म्हणाला, "देव खंयचो आणि बटण खंयचा, ह्या कळण्याइतकी अक्कल दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खा मंडप म्हणाला. आणि त्यात जगनचा आवाज होता, चांगला मोकळा, खणखणीत, बापाकडून आलेला.

जगनने डोळे उघडले. त्याने तोंडावर हात ठेवला, पण शब्द निघून गेला होता. पुढे उभ्या असलेल्या धोंडूने मान वळवली, आणि एवढ्या गर्दीतून त्याने नेमकं जगनकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर जगनला बरं वाटलं असतं. मग म्हाताऱ्याने पुन्हा देवाकडे तोंड केलं, हात नीट जोडले, आणि सगळे थांबल्यावर एकट्यानेच म्हटलं, व्हय म्हाराजा.