उभी पाटी

पाटीला हात लावायचा नाही, एवढं बजावून साहेब चहाला गेले, तेव्हापासून तिने दोन्ही तळहात मांडीखाली दाबून धरले होते.

टेबलावर देशाच्या नावाची पाटी आडवी पडली होती. ज्याला बोलायचं असेल त्याने ती उभी करायची. कुणीच केली नाही, की अध्यक्षबाई हातोडी आपटणार आणि मजकूर मंजूर. हवामानाच्या या वाटाघाटींत तरुणही दिसावेत म्हणून साहेबांच्या शिष्टमंडळात तिची वर्णी लागली होती.

"खुर्ची गरम ठेव," साहेब हसले होते. "फोटोत तेवढीच तरुणाई."

फोनवर आईचा निरोप होता : 'जेवलीस का? भरतीचं पाणी आज स्वयंपाकघरात आलं. काळजी करू नकोस, भांडी वर ठेवलीत.'

"किनाऱ्यावरच्या गावांना नव्या जागी वसवण्यासाठी मदत," अध्यक्षबाईंनी वाचलं, "हे वाक्य वगळावं, अशी सूचना आहे. कुणाची हरकत?"

तिने वळून दाराकडे पाहिलं. काचेपलीकडे साहेब उभे होते. हातात कप नव्हता, घाईही नव्हती. ते तिच्याकडेच बघत होते; नजरानजर होताच त्यांनी मान फिरवली.

म्हणजे देशाकडून हरकत येऊच नये म्हणून, घाबरट पोरगी बघूनच तिला इथे बसवलं होतं.

हातोडी वर गेली. तिने पाटी उभी केली. घामेजल्या बोटांतून ती निसटली. तिने पुन्हा उभी केली आणि धरून ठेवली.

"बोला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

तिने माइकचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. ती माइकशी झुकली. तोवर साहेब शेजारी येऊन टेकले होते. मायेने ठेवावा तसा त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. बोटं मात्र रुतत होती.

"चुकून उभी झाली म्हणून सांग," माइकशी झुकलेल्या तिच्या कानाशी ते कुजबुजले. "शहाणी ना तू? नीट घरी जायचंय ना बाळा?"

तिने पाटी सोडली नाही.

"कुठल्या घरी, साहेब?"

दिवा लालच होता. मागच्या काचेच्या खोल्यांतले दुभाषे माइकवर येईल ते सांगत. त्यांनी आधी साहेबांचं बोलणं सांगितलं, मग तिचं. कानाला यंत्रं लावलेली डोकी रांगेरांगेतून वळू लागली. अध्यक्षबाईंनी हातोडी बाजूला ठेवली.

पाठीवरचा हात हळूच निघाला. बोटांची जागा मात्र दुखतच राहिली.