आत्याचा स्थिर पेशंट

“पेशंटला कुणी हात लावायचा नाही,” असं बजावून आत्या आंघोळीला गेली.

पेशंट खिडकीत होता. कुंडीतलं ऑर्किड, पडद्याच्या दांडीला टांगलेली सलाइनची बाटली आणि मुळांवर थेंब थेंब पडणारं पाणी. बाबा दारातच थबकले. “ताईनं झाडाला अ‍ॅडमिट केलं वाटतं,” ते म्हणाले.

आमची आत्या नर्स. त्या वर्षी ती निवृत्त व्हायची होती. हे ऑर्किड कुणीतरी वॉर्डात विसरून गेलं होतं. फुलं गळाल्यावर ज्युनिअर सिस्टरनं ते मेलं समजून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. आत्यानं ते उचललं आणि भर वॉर्डात बोलून बसली, की माझ्या शेवटच्या दिवशी हेच फुललेलं आणून दाखवीन. झालं. तेव्हापासून आत्याची अब्रू त्या कुंडीत.

आमच्याकडचं ऊन असं, की कपडा वाळत घालून पाठ फिरवावी तर तो कडकडीत. बिचाऱ्याला शोष पडेल म्हणून आत्यानं ड्रिप लावलं. झाडानं एक पान पिवळं करून टाकलं. मग दुसरं. तब्येत विचारली की आत्याचं एकच उत्तर, “स्थिर आहे.” नर्स लोक ‘बरा आहे’ म्हणून फसत नाहीत.

मी नुकतीच वक्तृत्वात पहिली आले होते, त्यामुळे माझं तोंड घरात कुणाला आवरत नव्हतं. खुर्चीवर उभी राहून मी भाषण ठोकलं, की ऑर्किड रानात फांद्यांना धरून लोंबकळतं, त्याच्या मुळांना हवा लागते आणि तू त्याला बुडवते आहेस. टाळ्या पडल्या नाहीत. आत्यानं कुंडी उपडी केली. मुळं भिजल्या कागदासारखी हातात आली.

“बाई गं, मीच मारत होते की ह्याला,” ती म्हणाली. मग पदर खोचून मला म्हणाली, “कात्री उकळत ठेव.”

जेवणाच्या टेबलावर ऑपरेशन झालं. बाबांना उभ्यानं जेवावं लागलं. सडकी मुळं कापून जखमांवर दालचिनीची पूड लावली. मातीला रजा देऊन नारळाची सोडणं आणि कोळशाचे तुकडे भरले. सकाळचं ऊन गाळून यावं म्हणून खिडकीला पडदा लावला, तोही जखमेवर बांधायच्या जाळीदार कापडाचा. खाली ट्रेमध्ये खडे आणि पाणी, कुंडी मात्र खड्यांवर, कोरडी. मुळं हिरवी असली तर तहान नाही, चंदेरी पडली की पाणी. बाबा म्हणायचे, “माझ्या मुळांकडे बघतंय का कुणी?”

पुढे एक हिरवा शेंडा आला. बाबा म्हणाले मूळ, मी म्हणाले फुलाचा दांडा. तो वर वळला आणि महिनाभर मी घरात विजयी मिरवणूक काढली. पण आत्याचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा दांड्यावर नुसत्या कळ्या होत्या, वाटाण्याएवढ्या, घट्ट मिटलेल्या. “एक तरी उघड की रे,” आत्या हळूच म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

बाबा गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आहे. नेमकी तिथेच आत्या कुंडी मांडीवर घेऊन बसली आणि प्रत्येक खड्ड्याआधी ब्रेक दाबत राहिली. सायकलवाले आमच्याकडे वळून बघत पुढे गेले.

वॉर्डात ज्युनिअर सिस्टरनं कुंडी पाहिली. “फूल राहिलंच की, सिस्टर.”

आत्या ताठ झाली. ड्यूटी बदलताना पेशंट सोपवायचा तिचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

“मुळं कुजली होती, कापली. नवी फुटलीत. सकाळचं ऊन, तेही गाळून. पाणी मुळं चंदेरी दिसली तरच. लाडानं कुणी पाजायचं नाही. स्थिर आहे.”

ज्युनिअर सिस्टर नकळत सावधान उभी राहिली. “घेतला, सिस्टर,” असं रोजच्या सवयीनं म्हणून तिनं कुंडी आपल्याकडे ओढली.

आत्याचा हात हवेतच राहिला. एकदा सोपवला की पेशंट पुढच्या पाळीचा, हा नियम तिनंच सगळ्यांकडून घोकून घेतला होता. मी वक्तृत्व सुरू करणार, तोच तिनं माझा दंड दाबला.

परतताना ती पुन्हा पुढेच बसली. मांडी रिकामी, हात मात्र कुंडीएवढे गोल. बाबांनी गाडी सुरू केली, ती हलेना.

“ताई, ब्रेकवरचा पाय काढ.”

“हो,” आत्या म्हणाली.

पाय तिथेच होता. बाबांनी इंजिन बंद केलं आणि काच पुसत बसले.