तिसऱ्या ओळीतला दम

मी एक जुनी, कागद अडकवायची पाटी आहे. मित्रांनो, रुग्णालयात खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या आम्हा पाट्यांकडे कोणी पाहत नाही. पाहतात ते आमच्यावरच्या कागदाकडे. जाड पुठ्ठा दाबून मला कारखान्यात घडवले आणि डोक्यावर लोखंडी चाप बसवला. नवी होते तेव्हा तो असा करकचून चावायचा की सिस्टर हात झटकत. आता चाप सैलावला आहे आणि माझे कोपरे झिजले आहेत.

माझ्या कागदावर सिस्टर रोज सकाळी रुग्णाच्या अडचणी क्रमाने लिहितात. जी पहिली, तिच्याकडे आधी धावायचे.

मी टांगलेली होते त्या खाटेवर शिंपीकाका होते. फुप्फुसांचे दुखणे बारा वर्षांचे. चार दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि तक्रारी करून त्यांनी सगळ्यांचे डोके उठवले होते. म्हणून मोठ्या सिस्टरांनी पहिल्या ओळीत लिहिले, झोप न लागणे. दुसरीत, जेवण कमी. दम गेला तिसरीत.

"दम काय, जुनाच आहे त्यांचा," त्या म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या हो; एकट्या बावीस खाटा ओढत होत्या.

पाचव्या सकाळी काका गाढ झोपलेले. त्यांची लेक म्हणाली, "सिस्टर, उठवताना मी किती चिडवलं, पण बाबा उलटून बोललेच नाहीत. असं कधी होत नाही."

"अगं, झोपू दे त्यांना. चार दिवसांची झोप आहे!" सिस्टरांनी हसून पहिल्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

त्या खुणेचा मला अजून राग येतो. ती झोप नव्हतीच. थकलेल्या छातीतून वाईट हवा बाहेर पडत नव्हती आणि काका गुंगीत बुडत चालले होते. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

दुपारी डॉक्टर धावत आले, तोवर सगळे संपले होते.

खाट रिकामी झाल्यावर सिस्टर माझ्यापाशी आल्या. खाडाखोड करणे सोपे होते, पण त्यांनी केली नाही. मला घेऊन त्या लेकीकडे गेल्या.

"इथं श्वास पहिला लिहायला हवा होता. मी झोप लिहिली."

"म्हणजे सकाळी मी सांगितलं, तेव्हा...?"

"हो. तेव्हा वेळ होती."

मित्रांनो, माझी काळजी नका करू, मी पुठ्ठा आहे. पण जुन्या दुखण्याच्या माणसाकडे रोज नव्याने बघा. श्वास मोजायला एक मिनिट लागते. त्या सकाळी ते मिनिट आमच्याजवळ होते.