कप्तानाचा लोखंडी हात

"बाई, एवढं बघून सही करा. दुपारी छापायला जायचंय," म्हणत संपादकाने कागद टेबलावर टाकला आणि तो तिथेच खुर्ची ओढून बसला.

भिंगबाईंनी भिंग उचललं. अंतराळवीरांच्या या चित्रकथा-मासिकात त्या बावीस वर्षं तपासनीस होत्या. खरं नाव विसरून सगळं ऑफिस त्यांना भिंगबाईच म्हणे. कप्तानाचा लोखंडी हात डावा. यानाला खिडक्या सात. दार आत उघडतं, बाहेर नाही. त्या ग्रहाला चंद्र दोन, म्हणून प्रत्येकाच्या पायाशी सावल्याही दोन. हे सगळं वहीत लिहिलेलं होतं, पण वही उघडायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

कागद दिलगिरीचा होता. 'तीनशेव्या अंकाच्या मधल्या दोन पानांवर कप्तानाचा लोखंडी हात उजवीकडे दिसतो. तपासनीस बाईंच्या हलगर्जीपणामुळे ही चूक राहिली. वाचकांनी क्षमा करावी.' खाली चित्रकार दादांची लफ्फेदार सही.

दिलगिरी म्हणे! माणसं गळा कापतात तेव्हाही किती सुवाच्य अक्षरात कापतात.

"हे कुणी लिहिलं?"

"दादांनीच. मी म्हटलं, बाईंना कशाला मध्ये आणायचं? पण पोतंभर पत्रं आलीत हो. एकाने लिहिलंय, कप्तानाने हात बदलला की तुमचं डोकं फिरलं?" संपादकाने घसा खाकरला. "आणि बाई... पुढच्या महिन्यापासून नवा माणूस येतोय. हा अंक तेवढा काढून द्या."

भिंगबाईंनी कागद पुन्हा भिंगाखाली धरला. बोलण्यासारखं चार वर्षं पोटात होतं.

चार वर्षांपूर्वी एका पानावर यानाचं दार भलत्याच बाजूला आलं होतं. त्यांनी नीट पाहिलं. ते चित्र नवं नव्हतंच, पन्नासाव्या अंकातलं होतं. दादाचा डावा डोळा गेला होता. तो जुनी पानं दिव्याच्या काचेवर ठेवून गिरवत होता आणि कुणी ओळखू नये म्हणून पालथी घालून गिरवत होता. पान पालथं घातलं की दार बदलतं, हात बदलतो, गालावरचा व्रण इकडचा तिकडे जातो. बाईंनी विचारलं तेव्हा तो, दोन मुलांचा बाप, ढसाढसा रडला होता. "ताई, कुणाला कळलं तर मी संपलो गं. पाठच्या बहिणीसारखी आहेस तू."

तपासनिसाने चूक दिसली की लाल पेन्सिलीने वर्तुळ करायचं आणि पान संपादकाला दाखवून परत पाठवायचं, हा इथला नियम. चित्राला हात लावायचा नाही. बाईंनी तो नियम चार वर्षं मोडला. पांढऱ्या रंगाची बाटली आणि बारीक कुंचला घेऊन त्या मुकाट्याने कप्तानाचे हात बदलत राहिल्या.

तीनशेव्या अंकाच्या वेळी आई दवाखान्यात होती. तिथल्या जिन्यात दादाचा फोन आला. "मधली पानं आजच द्यायचीत. तू पाहिलीस म्हणून सांगतो, चालेल ना?" वरून नर्स हाका मारत होती. बाई "हो" म्हणाल्या.

आता दादा स्वतःच दारातून आत आला, नवी पानं बगलेत घेऊन.

"मनावर घेऊ नकोस हं ताई. माझ्या नावाला बट्टा लागला तर मासिकच बसेल. तुझं काय, तुझं नाव ठाऊक आहे कुणाला?"

हे तो हसत म्हणाला. तेच लागलं.

"बरोबर आहे, दादा," बाई म्हणाल्या. त्यांनी दिलगिरीच्या कागदावर सही केली. "फोनवर हो मी म्हटलं होतं. तेवढं माझं."

"बघा, मी म्हटलं नव्हतं? बाई समजूतदार आहेत!" दादा संपादकाला म्हणाला.

बाईंनी त्याच्या बगलेतलं वरचं पान घेतलं आणि समोर पसरलं. पांढऱ्या रंगाची बाटली हाताशीच होती. ती त्यांनी उचलून खिडकीत ठेवली. मग खणातून लाल पेन्सिल काढली. चार वर्षांपूर्वी बोथट झालेलं टोक तसंच होतं; त्यांनी ते सावकाश तासलं, आणि पहिलं वर्तुळ कप्तानाच्या हाताभोवती काढलं.

खोलीत पेन्सिलीचाच आवाज होता. दादाचं हसू कुठल्या वर्तुळाला मावळलं, ते बाईंनी पाहिलं नाही. त्या पान तपासत होत्या.

"ताई, अगं, हे काय?"

"माझं काम." त्यांनी पान संपादकासमोर धरलं, मग दादाकडे सरकवलं. "एवढं दुरुस्त करून आणा."

दादाने पान नाकाजवळ नेलं, मान तिरकी केली आणि बोटाने मोजलं.

"सात चुका. त्यात काय! तासाभरात करून देतो."

संपादक पानाकडे बघत होता. डाव्या कडेला, एकाखाली एक, आणखी दोन वर्तुळं होती, रुपयाएवढी ठसठशीत. त्याने दादाच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"दादा," तो हळूच म्हणाला, "परत मोजा बरं."

भिंगबाईंनी भिंग पदराने पुसलं, डबीत ठेवलं, वही पिशवीत घातली.

दादा बोट टेकवत पुन्हा मोजत होता.

"सात," तो म्हणाला.