सासूबाईंच्या नळावरची पक्कड

"ह्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही," डबा उघडता उघडता फिटर म्हणाला, "आणि ज्याचा बसेल त्यानं स्वतःला डॉक्टरकडे दाखवून घ्यावं. पण माझी पक्कड मला परत मिळाली."

गॅरेजातली जेवणाची सुट्टी होती. दोन बसच्या मधल्या सावलीत जुन्या टायरांवर फोरमन, वेल्डर आणि फिटरचा मेहुणा बसले होते. मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, ड्रायव्हर. त्याची बस ब्रेकच्या कामासाठी आत आलेली, म्हणून तो आज ह्या पंगतीला. एरवी लांबच्या फेऱ्यांवर असायचा, आठ-आठ दिवस घराचं तोंड बघायचा नाही. त्यामुळे त्याच्यादेखत बोलायला फिटरला कसलीच धास्ती नव्हती.

कुठली पक्कड, असं कुणी विचारलं नाही. गॅरेजात ती सगळ्यांना ठाऊक होती. साधी पक्कड हातानं दाबून धरावी लागते, ही लॉकची. मागचा स्क्रू पिळून माप बसवायचं, मूठ दाबायची, कट्ट आवाज झाला की जबडा बंद. मग तुम्ही जेवून या, झोप काढून या, ती धरलेलं सोडायची नाही. गंजलेले, गोल झालेले, डोकं झिजलेले नट फिटर तिनंच काढायचा. आणि आता ती बाजारात मिळत नव्हती. कंपनीनं बनवणंच बंद केलं होतं.

"खपत नव्हती म्हणे," फिटर म्हणायचा. "कशी खपेल? एकदा घेतली की माणूस मरेपर्यंत दुसरी घेत नाही. त्यांनी जरा वाईट बनवायला हवी होती."

तर अशी ही पक्कड त्यानं एकदा, आपल्याच मूर्खपणानं, सासूबाईंच्या न्हाणीघरातल्या नळाला लावली. नळाची मूठ तुटली होती. आत उरलेल्या दांडीवर पक्कड चढवली, फिरवली, पाणी आलं. "उद्या नवीन नळ बसवतो, आई," तो म्हणाला. पण नवीन नळ म्हणजे भिंत फोडणं आलं, आणि भिंतीवर सासूबाईंच्या आवडीच्या निळ्या फरश्या होत्या.

"फरशीला हात लावायचा नाही, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "आणि पकडीलाही नाही. एवढ्या वर्षांत तुम्ही ह्या घरात केलेलं हे एकच काम टिकलंय. तितकीच चांगली दुसरी आणा, मग ही न्या."

तेव्हापासून फिटरचे हात लंगडे झाले होते. गोल नट आला की वेल्डरपुढे हात जोडायचे. वेल्डर गॅसनं तो नट उडवायचा आणि मग दिवसभर सगळ्यांना सांगत सुटायचा. परवा तर फोरमननं चारचौघांत विचारलं होतं, "अरे, इथला फिटर नेमका कोण?" ते फिटरला फार लागलं होतं.

"मग, कशी मिळवलीस?" आता फोरमननंच विचारलं.

"पहिली आणली ती मोठ्या दुकानातून. चकचकीत! प्लास्टिकच्या कवचात अशी बसवलेली, की ती बाहेर काढायलाच दुसरी पक्कड लागली. बादलीच्या कडीला लावून दाखवली. सासूबाई नुसत्या खोकल्या, आणि ती खाली पडली."

"जोरात खोकल्या असतील," वेल्डर म्हणाला.

"तिकडच्या दारातून खोकल्या! मग गेलो दुसऱ्या दुकानात. म्हटलं, मला सोडणारी नको. तो म्हणाला, साहेब, ही बघा. आणि दाखवायला म्हणून त्यानं ती दुकानाच्या शटरला लावली. कट्ट! झालं. सुटेना. तो लटकला, त्याचा भाऊ त्याला लटकला, मी दोघांना लटकलो. शटर खाली येईना, पक्कड सुटेना. ते दुकान तेव्हापासून बंद झालेलं नाही. लोकांना वाटतं, काय धंदा जोरात चाललाय, दिवसरात्र उघडं! दुकानदार बिचारा बाजेवर पडून गल्ला सांभाळतो."

फोरमनला ठसका लागला. मेहुण्यानं त्याला पाण्याची बाटली दिली आणि स्वतः पुढचा घास घेतला.

"तिसरी मात्र खरी मिळाली. गल्लीच्या आतल्या अंगाला एका म्हातारीचं दुकान. पक्कड काचेत मांडलेली. मी जबडा मिटून उजेडासमोर धरला, फटीतून केसाएवढा उजेड येईना. दातांवर कानस घासली, कानसच गुळगुळीत झाली. स्क्रू लोण्यासारखा फिरत होता. म्हटलं, आजी, द्या. तर म्हणते, मिळायची नाही. ही विकली तर गिऱ्हाइकाला मी दाखवू काय?"

"बरोबर आहे तिचं," फोरमन म्हणाला.

"बरोबर कसलं, दुकान आहे की प्रदर्शन? पण तिच्याकडे एक बरणी होती. नवऱ्यानं झाकण लावलेलं. नवरा गेला, झाकण तसंच. गावातले पहिलवान येऊन हात चोळत परत गेलेले. मी पक्कड लावली, अशी बारीक पिळली, फट्! म्हातारी रडायलाच लागली. म्हणाली, घेऊन जा बाबा."

"बरणीत काय होतं?" वेल्डरनं विचारलं.

"ते मी नाही बघितलं. लोकांच्या बरणीत डोकावायची मला सवय नाही."

मेहुणा गालात हसला. फिटरनं तिरक्या नजरेनं ते टिपलं आणि त्याला आणखी जोर चढला.

"पण सासूबाई काय सुखासुखी मानतात? म्हणाल्या, तुमच्या शब्दावर मी एकदा विश्वास ठेवला होता, माझी मुलगी अजून भोगतेय. त्यांनी स्वतः पक्कड घेतली, फ्रिजच्या दांड्याला लावली आणि ओढली. फ्रिज निघाला! स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, वर ठेवलेल्या वाट्यांसकट. एक वाटी पडली नाही. विचारा ह्याला, फ्रिज आता बाहेरच्या खोलीत आहे का नाही?"

"आहे," मेहुणा म्हणाला. "बाहेरच्या खोलीतच आहे."

"ऐकलंत?" फिटरनं मांडीवर थाप मारली. "मग पास केली त्यांनी. आता जुनी काढायची. मी जबडा सोडायची कळ दाबली, हलेना. पाय भिंतीला लावून दाबली, तरी हलेना. इतके दिवस तिथं राहून तीही घरची झालेली! मी घामाघूम. शेवटी सासूबाई दारात उभ्या राहिल्या आणि एकच शब्द बोलल्या, 'सोड.' सुटली! अलगद माझ्या हातात. त्या घरात त्यांचं सगळेच ऐकतात, लोखंडानं काय घोडं मारलंय? नवी जागच्या जागी बसवली, जुनी खिशात टाकली, आणि निघालो."

"मग दाखव की," वेल्डर म्हणाला. "सात नंबरच्या मागच्या चाकाला एक नट गोल झालाय. आज मी गॅस पेटवत नाही. बघू या, फिटर कोण आहे ते."

"पेटीत आहे. जेवू तर देशील माणसाला?"

"मी आणतो पेटी," फोरमन उठला.

"अहो साहेब, बसा तुम्ही. चावी घरी राहिलीय तिची."

मेहुण्यानं डब्याचं झाकण लावलं, तोंड पुसलं, आणि अगदी मायेनं म्हणाला,

"दाजी, शटर मी खरं धरतो. बरणीही धरतो. पण आज सकाळी मी घरूनच आंघोळ करून आलोय, आणि नळ मी तुमच्या जुन्या पकडीनंच उघडला."

"म्हणजे नवी बसलीच नाही?" फोरमननं विचारलं.

"बसली ना. गरम पाण्याच्या नळाला. त्याची मूठ चांगली धडधाकट होती, ती आईनं स्वतःच्या हातानं काढून टाकली. म्हणते, आता कशी जोडी शोभतेय."