बाईसाहेबांचा बूट

कारागिराने दोरा दातात धरून ताणला आणि तळाचा शेवटचा टाका घट्ट केला. बूट एकच होता. वाटीएवढा, जाड चामड्याचा, आतून लोकरीचं अस्तर. तो घेऊन कारागीर दुकानामागच्या गोठ्यात गेला, तेव्हा जनावरांची डॉक्टर गवतात गुडघे टेकून बसली होती आणि तिच्यासमोर बाईसाहेब आडव्या पडल्या होत्या.

बाईसाहेब म्हणजे गाढवीण. नऊ वर्षांपूर्वी पुढचा डावा पाय मोडला म्हणून वीटभट्टीवाल्यांनी तिला रस्त्याच्या कडेला सोडून दिलं होतं. कारागिराने तिला हातगाडीवर घालून घरी आणलं. हाड जुळलं, पण वाकडं. खूर नीट टेकेना. मग त्याने गिऱ्हाइकाचं घेतात तसंच तिचं माप घेतलं. तपकिरी कागदावर खूर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि बूट शिवले. हो, दोन शिवले! उभ्या आयुष्यात त्याने एकटा बूट कधी शिवलाच नव्हता, हाताला जोडीचीच सवय. बायको पोट धरधरून हसली.

"घाला की उजव्याही पायात," ती म्हणाली होती.

"उजव्याला काय धाड भरलीय?" असं म्हणत त्याने दुसरा बूट खुंटीला अडकवला. तो आजतागायत तिथेच होता.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी बाईसाहेबांना नवा बूट मिळायचा. बायको मात्र स्वतःच्या चपला बाजारातून आणायची. "पुढच्या जन्मी गाढवीणच व्हायला हवं," असं ती म्हणायची, आणि तोही उत्तराला तयारच असायचा. "त्यासाठी लंगडावं लागतं, बाई!"

"हा बघा, नवा," आता तो डॉक्टरला म्हणाला. "तळ जरासा उंच केलाय. आज उठेल ती."

डॉक्टरने बूट हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि हळूच बाजूला ठेवला.

"काका, दुखणं त्या पायाचं नाहीये."

"मग?"

तिने उजवा खूर उचलून तळाला अंगठ्याने अगदी अलगद दाबलं. बाईसाहेबांचं सगळं अंग शहारलं.

"अहो, हा तर तिचा चांगला पाय!"

"होता. नऊ वर्षं सगळा भार यानेच पेलला ना. आतलं हाड सुटून खाली उतरलंय."

"पण कळलं कसं नाही? तिने कधी हूं की चूं केलं नाही."

"गाढवं दुखणं दाखवत नाहीत, काका. उभं राहता येतं तोवर उभी राहतात." डॉक्टरने खूर अलगद गवतावर ठेवला. "औषधाने जरा बरं वाटेल तिला, पण ती आता उठणार नाही. तुम्ही हो म्हणालात तर मी तिला शांत झोपवते. घाई नाही. विचार करा."

बायको पाण्याची बादली घेऊन आली होती. दाराच्या चौकटीला हात टेकून ती क्षणभर थांबली, मग हळूहळू बाईसाहेबांजवळ खाली बसली.

"सोडा आता तिला," ती म्हणाली. "आपल्यासाठी तिचे हाल नकोत."

कारागीर दुकानात गेला आणि खुंटीवरचा बूट काढून घेऊन आला. धूळ झटकून त्याने तो उजव्या खुराशी धरून पाहिला. बसेना. ओझ्याने खूर पसरून रुंद झाला होता, आणि त्याला आज पहिल्यांदाच ते दिसत होतं. दुकानातल्या फळीवर छत्तीस मापं तारखा घालून ठेवली होती. सगळीच्या सगळी डाव्या पायाची.

त्याने बूट खाली ठेवला आणि डाव्या पायातल्या जुन्या बुटाचेही बंद सोडले. "राहू देत पाय मोकळे," तो म्हणाला.

मग त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानामागे, तिला आवडायचं तिथे खाजवत राहिला. सवयीप्रमाणे तिने त्याच्या चामडी एप्रनचा पट्टा ओठांत धरला.

"माझं चुकलं गं," तो म्हणाला. "बघायलाच हवं होतं मी."

डॉक्टरने सुई टोचली. थोड्या वेळाने पट्टा तिच्या ओठांतून सुटला. तो ओला होता. कारागिराने तो पुसला नाही.

दुपारी शेजाऱ्यांनी मागच्या झाडाखाली खड्डा खणला. सगळं उरकल्यावर ते गेले. कारागीर हातपाय धुऊन घराच्या दाराशी आला आणि उंबरठ्यापाशीच अडला. तिथे बायकोच्या चपला होत्या.

चपलेचा तळ पाहून माणूस कसा चालतो ते तो सांगायचा; गिऱ्हाइकं त्यासाठी मुद्दाम पैजा लावायची. त्याने वाकून दोन्ही चपला उलट्या केल्या. डावी झिजून कागद झाली होती. उजवीच्या तळावरची नक्षीसुद्धा अजून पुसली नव्हती.

आतून भांड्यांचा आवाज येत होता, आणि बायकोच्या पावलांचा. एक पाऊल जड पडायचं, दुसरं जेमतेम टेकायचं. नळापासून गोठ्यापर्यंत दिवसाला दोन बादल्या. नऊ वर्षं. त्याने चपला पुन्हा सुलट्या करून जागेवर ठेवल्या.

मग दुकानात जाऊन त्याने तपकिरी कागद आणि पेन्सिल आणली आणि स्वयंपाकघरात जमिनीवर, तिच्या पायांशी बसला.

"हे काय नवीन?" बायको म्हणाली.

"पाय ठेव."

तिने त्याच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. ओट्याला हात टेकला.

"कोणता?"

"दोन्ही," तो म्हणाला.