भोजराजच्या बांधीत मावलेलं गाव

“ह्या गोष्टीवर एकानं जरी भरोसा ठेवला, तं मी मिशी काढून देतो!” पाणीवाटप संस्थेच्या ओट्यावर भोजराजनं मिशीला पीळ भरत जाहीर केलं.

मिशीची त्याला फिकीर नव्हती, फिकीर होती पाण्याच्या पुढच्या पाळीची. तलावाचं दार उघडणारं मशीन चार दिवस मुकं पडलं होतं. साऱ्यांचे नुकते लावलेले धानाचे रोवणे भेगाळले, अन् आज सकाळी एकट्या भोजराजच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, घोटाभर पाणी डोलत होतं. कारण पटलं नाही, तर अध्यक्ष लक्ष्मणराव त्याची पाळीच तोडणार होते.

“मी मशीनच्या खोलीत गेलतो,” भोजराज म्हणाला. “मशीन जिच्या हुकुमानं चालते, ते फाईल कम्प्युटरवर उघडीच. मले वाटलं, आत मंतर-जंतर असंल. पाहतो तं मराठी! ‘बांधी’ अशी खूण, मंग मालकाचं नाव, पाण्याचे तास, अन् बांधी सरली म्हणून पुन्हा खूण. दोन्हीकून बांध-धुरे घातल्यावानी! हे फाईल लिहिणाऱ्या आपल्या खुशबू पोरीनं अख्खा गाव अक्षरांत रोवून ठेवला, भाऊ. कोणीबी वाचावं!”

एवढं मात्र खरं होतं. तिथे आपलं नाव वाचून त्याचे हात आपोआप जोडले गेले होते. आताही आवाज बारीक झाला. मग तो खाकरला.

“पण माझ्या बांधीची शेवटची खूणच नाही! धुराच नाही, तं बांधी सरन कुठं? शकुनबाईची बांधी माझ्या बांधीत, अध्यक्षसाहेब, तुमचीबी. लाखांदूरची एसटी माझ्याच चिखलात उभी! कंडक्टर मले तिकीट मागाले भेला. मशीन बिचारी काय करंल? आज जागी झाली अन् साऱ्या गावाचं पाणी मलेच देल्लं!”

“मेल्या, माझं धान वाळलं अन् तू हसवून राह्यला!” शकुनबाई म्हणाली, पण हसलीच.

“मंग चूक खुशबूची दिसते,” लक्ष्मणराव म्हणाले.

ओट्याच्या कडेला उभी असलेली खुशबू धावत मशीनच्या खोलीत गेली. फाईल पाहून परत आली, ती डोळे विस्फारूनच.

“खूण खरंच राह्यली माझ्याकून. आत्ता समजलं, मशीन काहून बंद होती ते! एक खूण जरी उघडी राह्यली ना मामा, तं मशीन फाईल वाचतच नाही. जागीच थांबते. कोणालेच पाणी देत नाही, तुमालेबी नाही.”

भोजराजचा हात मिशीवरच थांबला.

“खोटं बोलून राह्यले तुमी!” खुशबू म्हणाली. “तलावाचं दार तुमीच रात्री हातानं फिरवलं. नाहीतं मिशीले दार फिरवाच्या दांड्याचं काळं वंगण कायचं लागलं?”